सात वर्षं थांबवलेलं गाणं

दिवाळीत नात आली होती. मुंबईला नोकरी करते, चार दिवस सांगलीला आजीकडे. तिच्या फोनवर दिवसभर एका इंग्लंडच्या गायिकेची गाणी चालू होती. पाडव्याला भाऊजी (ह्यांचे धाकटे भाऊ, बँकेतून निवृत्त, प्रत्येक विषयावर मत तयार!) फराळाला आले. त्यांनी विचारलं, "कोण गं ही ओरडतेय?"

नात म्हणाली, "आजोबा, ही रे. गाणी स्वतः लिहिते, त्यांच्या निर्मितीतही तिचा हात असतो. कंपनी सोडली आणि स्वतःचा अल्बम स्वतः काढला."

भाऊजींनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "म्हणजे आपणच लिहायचं, आपणच गायचं आणि आपणच छापायचं! मग वाईट म्हणणार कोण? कुणी घेतलं नसेल, म्हणून काढलं असेल घरच्या घरी."

सगळे हसले. मीही हसले. मी हसले हेच मला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं. फराळाच्या ताटावर वाद नको म्हणून तेव्हा बोलले नाही. आता बोलते. भाऊजी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्यांनी चहा घेऊन बसावं.

आधी सांगून टाकते, मला इंग्रजी गाण्यातलं काही कळत नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि आयुष्यभर मराठीच शिकवलं. पण नात गेल्यावर मी ती गाणी पुन्हा ऐकली, तिला फोन करकरून अर्थ विचारले, आणि त्या मुलीची हकिकत समजून घेतली. हकिकत कळल्यावर मात्र मला स्वस्थ बसवेना.

रे हे तिचं गायिका म्हणून घेतलेलं नाव. मूळ नाव रेचल अगाथा कीन. (सा-रे-ग-म मधला रे समजा, लक्षात राहील.) जन्म १९९७ चा, दक्षिण लंडनमधला. वडील इंग्रज, आईकडून घाना आणि स्वित्झर्लंडचं रक्त. ही मुलगी सतरा वर्षांची असताना, २०१४ साली, पॉलिडॉर या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीनं तिच्याशी करार केला. चार अल्बमचा करार! घरी केवढा आनंद झाला असेल, कल्पना करा.

पुढे काय झालं? २०१४ गेलं, १५ गेलं, १६ गेलं... अल्बम नाही. तिची सुटी गाणी येत राहिली. दुसऱ्यांच्या नाचाच्या गाण्यांवर तिचा आवाज चढत राहिला, आणि त्यातली काही गाणी तर इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. ती दुसऱ्या गायकांसाठी गाणी लिहीत होती, बियॉन्सेसारख्या जगप्रसिद्ध गायिकेच्या एका गाण्याच्या लेखनातही तिचा वाटा आहे. २०२० मध्ये एक छोटा गाण्यांचा संच आला. पण ज्याच्यासाठी करार केला होता, तो पूर्ण अल्बम काही येईना. जून २०२१ मध्ये तिनं ट्विटरवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की, २०१४ पासून माझा चार अल्बमचा करार आहे आणि एकही अल्बम काढू दिलेला नाही. कंपनीनं आपल्याला वाईट वाटल्याचं जाहीर केलं, मदतीचा हात पुढे केला, आणि काही आठवड्यांत दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं.

सतराव्या वर्षी सही केलेली मुलगी तेवीस वर्षांची होऊन बाहेर पडली. आपल्याकडे पाचवीतली मुलगी सात वर्षांत बारावी होते. तेवढा काळ!

आता भाऊजींचा पहिला मुद्दा, "कुणी घेतलं नसेल म्हणून." भाऊजी, तिला घेतलेलंच होतं हो! घेऊन ठेवलेलं होतं. नाकारलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. नकार मिळाला की माणूस दुसरं दार ठोठावतो. पण "हो" म्हणायचं, सही घ्यायची आणि मग "थांब" म्हणायचं, यात माणूस ना आत असतो ना बाहेर. आत बसता येत नाही आणि दुसरीकडे जायला मोकळीक नाही.

बाहेर पडल्यावर तिनं काय केलं ते पाहा. आपली गाणी घेतली, माईक सबाथ नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यातल्या बहुतेकांची निर्मिती केली, आणि ३ फेब्रुवारी २०२३ ला 'माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज' हा पंधरा तुकड्यांचा अल्बम स्वतंत्रपणे काढला. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी तिची. त्यातलं 'एस्केपिझम' हे गाणं २०२२ च्या ऑक्टोबरात आधीच आलं होतं. ते जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. अल्बम दुसऱ्या क्रमांकावर आला. आणि २ मार्च २०२४ ला ब्रिट पुरस्कारांच्या समारंभात या मुलीनं एका रात्रीत सहा पुरस्कार घेतले. तोवर एका रात्रीत चारच्या वर कुणाला मिळाले नव्हते. वर्षाचा उत्तम अल्बम तिचा, आणि वर्षाची उत्तम गीतलेखिकाही तीच. गीतलेखनाचा तो पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री.

अल्बमचा पुरस्कार घ्यायला ती एकटी गेली नाही. आजीला हाताला धरून मंचावर घेऊन गेली! नातीनं मला ते दृश्य दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करते. नात म्हणाली, "आजी, तू का रडतेस?" म्हटलं, गप्प बस.

असो.

आता दुसरा मुद्दा, आणि तो भाऊजींचा खरा मुद्दा आहे. आपणच लिहायचं, आपणच काढायचं, मग वाईट म्हणणार कोण?

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. चाळीस वर्षं निबंध तपासले आहेत. लाल शाईची गरज मला कुणी सांगायला नको. लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, दुसरा डोळा लागतो, हे अगदी मान्य. पण मंडळी, दोन माणसांत आपण गल्लत करतो. एक जण म्हणतो, "हे तिसरं कडवं सैल आहे, पुन्हा लिही." दुसरा म्हणतो, "सध्या नको, पुढच्या वर्षी बघू." पहिला संपादक. दुसरा फाटकावरचा राखणदार. पहिल्यानं वही वाचलेली असते. दुसऱ्यानं उघडली असेलच असं नाही.

स्वतः अल्बम काढणाऱ्या या मुलीनं संपादकाला रजा दिलेली नाही. तिच्याबरोबर सहनिर्माता आहे, वादक आहेत. गाणी दुकानांपर्यंत आणि फोनपर्यंत पोचवायला तिनं एका वितरण कंपनीची मदत घेतली, आणि ती कंपनी सोनी या बड्या समूहाच्याच छत्राखाली आहे. कुणी म्हणेल, मग स्वतंत्र कसली? तर स्वतंत्र याचा अर्थ एकटी असा नाही. स्वतंत्र म्हणजे शेवटचा शब्द तिचा. वितरक तिच्यासाठी काम करतो आणि आपला मोबदला घेतो. गाणं कधी बाहेर येणार हे तो ठरवत नाही. घर बांधताना गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन सगळे लागतात, म्हणून घर काही गवंड्याच्या नावावर होत नाही.

आणि वाईट म्हणणारे? ते ऐकणारे आहेत की! ऐकणाऱ्यासारखा परखड परीक्षक नाही. नाही आवडलं तर अर्ध्या मिनिटात पुढच्या गाण्यावर जातो.

गाण्यांबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय हे सगळं नुसतं व्यवहाराचं बोलणं होईल. सोल संगीत म्हणजे, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांचा आवेग ऐहिक गाण्यात उतरला, त्यातून झालेलं गाणं. रे काही निव्वळ सोल गात नाही. जॅझ, ब्लूज, नाचाचे ठोके असं बरंच त्यात मिसळलेलं आहे, आणि ते ठोके माझ्या कानाला सोसत नाहीत हेही खरं. पण सप्टेंबर २०२३ मध्ये तिनं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हीच गाणी मोठा वाद्यवृंद आणि समूहगायक घेऊन म्हटली. ते चित्रीकरण मात्र मी पूर्ण पाहिलं. आवाज खालच्या पट्टीत बोलता बोलता एकदम वर जातो, तेव्हा शब्द न कळणाऱ्या माणसालाही कळतं की ही कुणाचं तरी लिहून दिलेलं म्हणत नाहीये.

त्यात 'आइसक्रीम मॅन' नावाचं गाणं आहे. नाव वाचून मला वाटलं बालगीत असेल. नातीनं अर्थ सांगितला आणि मी सुन्न झाले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पुरुषानं केलेल्या अत्याचाराबद्दल आहे ते. दुसऱ्या एका गाण्यात आपल्या शरीराकडे आरशात पाहण्याचा त्रास आहे, आणखी एकात व्यसन आहे. हे विषय "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ठेवून देण्यासारखे आहेत का? कुठलं दुःख कधी बोलायचं, हे ज्याचं दुःख आहे त्यानं ठरवायचं की विक्री विभागानं?

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेत शिकागोला कर्टिस मेफिल्ड नावाचा सोल गायक होता. जन्म १९४२. गिटार कुणाकडे शिकला नाही, पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या सुरांत तारा लावून आपला आपण शिकला. पेटीवर बोट ठेवणाऱ्यांना यातली गंमत कळेल! त्यानं तरुणपणीच आपल्या गाण्यांचे हक्क सांभाळायला स्वतःची प्रकाशन संस्था काढली, आणि १९६८ मध्ये जोडीदाराबरोबर कर्टम ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी. १९७० मध्ये 'कर्टिस' हा पहिला एकट्याचा अल्बम स्वतः लिहून, स्वतः निर्मिती करून काढला. त्यालाही कुणी म्हणालं असेल, आपणच लिहायचं, आपणच काढायचं!

आणि आपल्या लताबाई? गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे म्हणून त्या साठच्या दशकात उभ्या राहिल्या, आणि रफीसाहेबांशी त्यावरून मतभेद होऊन दोघांची द्वंद्वगीतं काही वर्षं बंद पडली. तेव्हाही लोक म्हणालेच की बाईंना पैशाची हाव. आज आपण त्यांची गाणी ऐकताना मान डोलावतो, पण त्यांचा तो मुद्दा सोयीस्कर विसरतो. सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कायद्यानं मिळायला आपल्याकडे २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. रे हीसुद्धा हेच मागते आहे की, ध्वनिमुद्रणाच्या मिळकतीत गाणं लिहिणाऱ्याला वाटा द्या. हाव म्हणा हवं तर.

भाऊजींचं एक म्हणणं मात्र मी मानते. (ते पाडव्याला बोलले नाहीत, पण बँकेत होते, बोलतीलच.) कंपनी पैसे घालते, जोखीम घेते, तिला काही हक्क नको का? हवा. जरूर हवा. नाही आवडलं तर नाही काढणार, हाही तिचा हक्क. पण मग सोडा! धरून ठेवायचं आणि काढायचंही नाही, हा हक्क कुठल्या न्यायात बसतो? एकाला बांधणारा आणि दुसऱ्याला मोकळा ठेवणारा असा करार असेल, तर त्याला आपल्याकडे दावण म्हणतात.

आपल्या कॉपीराइट कायद्यात एकोणिसाव्या कलमात एक छान तरतूद आहे. हक्क लिहून घेतलेल्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत, तर ते हस्तांतर रद्द झालं असं समजायचं. वाचून मला फार बरं वाटलं. मग पुढचे शब्द वाचले. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर! आता मला सांगा, करार कोण लिहितो? सतरा वर्षांची मुलगी लिहिते की कंपनीचा वकील? माझं म्हणणं एवढंच आहे की ती पळवाट बुजवा. इथेही आणि तिकडेही. ठरलेल्या मुदतीत काढलं नाही तर लिहिणाऱ्याचं लिहिणाऱ्याला परत, करारात काहीही लिहिलेलं असो.

आणि कृपा करून कुणी असं म्हणू नये की शेवटी मिळालंच ना यश, मग तक्रार कसली. तिच्याकडे आधीची गाजलेली गाणी होती, ऐकणारे होते, इतरांसाठी लिहून मिळवलेलं नाव होतं. ज्या मुलीकडे यातलं काही नव्हतं, जी तिसऱ्या वर्षी गाणं सोडून दुकानात नोकरीला लागली, तिला सहा पुरस्कार कोण देणार? तिचं नाव तुम्हाला-मला कधी कळणार नाही. एक जण भिंत चढून गेली, म्हणून भिंत ठेवा असं म्हणायचं नसतं. आणि गंमत पाहा, ते सहा पुरस्कार ज्या ब्रिट समारंभात मिळाले, तो समारंभ तिकडच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटनाच भरवते.

आता मी एवढी का चिडले, ते सांगते.

माझी एक वही आहे. मुलांसाठी लिहिलेल्या छत्तीस कवितांची. वर्गात शिकवता शिकवता झालेल्या. नोकरीत असताना एका प्रकाशकांना दिली होती. त्यांना आवडली, "करू या" म्हणाले. मी शाळेत पेढे वाटले! पुढच्या उन्हाळ्यात विचारलं तर म्हणाले, कागद महागलाय, पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या वर्षी चित्रकार मिळत नव्हता. असं करत नऊ वर्षं गेली. नवव्या वर्षी वही परत आणली तेव्हा तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. आतलं एकही पान उलटल्याची खूण नव्हती.

रेच्या पायात कराराची बेडी होती. माझ्या पायात काय होतं? मी कुठे सही केली नव्हती. कधीही वही मागून आणता आली असती. मला फक्त भीड होती. मोठे लोक, वाईट वाटेल त्यांना, आपणहून छापलं तर लोक म्हणतील कुणी घेतलं नाही म्हणून घरचे पैसे घातले... म्हणजे भाऊजी पाडव्याला जे बोलले, तेच मी स्वतःशी नऊ वर्षं बोलत होते. म्हणूनच त्यांच्या विनोदाला मी हसले.

आणखी एक सांगायचं राहिलंय, ते अवघड आहे. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीला सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. पुस्तकातल्या कवितेला तिनं स्वतः चाल लावली होती. दोन ओळी म्हणून दाखवल्या. मी म्हटलं, "छान आहे गं, पण आत्ता रेकॉर्डची चाल म्हण, तुझी पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ती तालमीला आलीच नाही. मी विचारलंही नाही. त्या दोन ओळींची चाल कशी होती हे आज आठवत नाही, आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी तेव्हा याला शिस्त म्हणत होते.

तेव्हा "थांब" म्हणणारे लोक म्हणजे फक्त लंडनच्या उंच इमारतींत बसणारे, असं नाही. शाळेत असतात, घरात असतात, फराळाला येतात. त्यातले काही तर रोज आरशात दिसतात.

असो. फार लांबलं. नातीला मी वही दिली आहे. ती रात्री टाइप करते आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून तपासून घेते. चित्रं तिची मैत्रीण काढणार आहे. तिसऱ्या कवितेतलं शेवटचं कडवं सैल आहे असं त्या मैत्रिणीनं सांगितलं, आणि ते खरंच सैल होतं. बदललं. शंभर प्रती छापायच्या, निवृत्तिवेतनातून. यंदाच्या बालदिनाला शाळेत जाऊन वाचून दाखवीन म्हणते. एखाद्या मुलीनं दुसरी चाल लावली तर तिची चाल म्हणू.

भाऊजी, तुमची प्रत बाजूला काढून ठेवते. किंमत साठ रुपये. घरच्यांना सवलत नाही. आणि वाचून झाल्यावर वाईट म्हणायला अवश्य या, चकली करून ठेवते.